शालींखालची लेखिका

कोण्या एका राज्यात एक भलंमोठं विद्यापीठ होतं आणि त्या विद्यापीठाला सत्कार करायची भारी हौस होती. एकदा त्यांनी राज्यातल्या सर्वांत नावाजलेल्या लेखिकेला बोलावलं. बाई थकल्या होत्या, प्रवास झेपत नव्हता. तरी आल्या, कारण नुकतीच लिहून झालेली गोष्ट त्यांना मुलांना वाचून दाखवायची होती. आपल्या हातून आता दुसरी गोष्ट होणार नाही, हे त्यांना ठाऊक होतं.

सभागृहात मान्यवरांचीच एवढी गर्दी, की मुलांना बाहेर अंगणात बसवलेलं. कुलगुरूंनी बाईंना मंचावरच्या खुर्चीत बसवून शाल पांघरली आणि भाषण केलं. मग एकेक विभागप्रमुख आपापली शाल आणि आपापलं भाषण घेऊन उठू लागला. सत्कार पुरा होईपर्यंत अंगावरची शाल काढायची नाही, असा तिथला रिवाज. ऐन वैशाखात बाई नुसत्या उकडून निघाल्या!

"अहो, मी गोष्ट कधी वाचू?" त्यांनी विचारलं.

"वाचायचीच आहे बाई! एवढी दोन-चार मनोगतं झाली, की लगेच," असं म्हणून कुलगुरूंनी पुढच्या वक्त्याला बोलावलं.

कसली दोन-चार! एकजण स्वतःच्या प्रबंधावर बोलला, एकजण विद्यापीठाच्या नव्या इमारतीवर. बाईंच्या लेखनाबद्दल अवाक्षर नाही. शाली हनुवटीला लागल्या, मग डोक्यावरून गेल्या. बाईंनी आतून पुन्हा विचारलं, पण ते कुणाला ऐकूच गेलं नाही.

"मला काय शाली वाळत घालायला बोलावलं होतं?" बाई चरफडल्या. त्या हळूच वाकल्या, ढिगाखालून सरकल्या आणि मागच्या दाराने अंगणात गेल्या.

"आजी, तुमचा आत सत्कार चाललाय ना?" एका मुलीने विचारलं.

"चालू दे गं. माझ्यावाचून त्यांचं काही अडत नाही. सरका जरा, मला बसू द्या."

मग बाईंनी गोष्ट वाचली. मुलं हसली, रडली आणि "पुन्हा वाचा" म्हणून हटून बसली. बाईंनी पुन्हा वाचली.

आत एकदाची भाषणं संपली. "आता लेखिकाबाई दोन शब्द बोलतील," कुलगुरू म्हणाले. शालींचा ढीग गप्पच. त्यांनी जरा वाट पाहिली.

"बाईंचा कंठ दाटून आला आहे," असं सांगून त्यांनी स्वतःचेच डोळे पुसले. टाळ्यांचा कडकडाट झाला.

तात्पर्य: ज्याचा गौरव करायचा, त्याला आधी बोलू द्यावं, नाहीतर सत्कार खुर्चीचाच होतो आणि करणाऱ्याला ते कळतही नाही.