निरोप न आणलेला पाहुणा

माणसांनी अजून नकाशे काढायला घेतले नव्हते, तेव्हाची ही गोष्ट. भर समुद्रातल्या एका एकाकी बेटाला फळीवर बसून एक उंदीर येऊन लागला. "मला दूरदूरची बेटं बघायचा नाद आहे," तो म्हणाला. "तुमच्या दंतकथा ऐकीन, चालीरीती पाहीन. आणि हो, तुमचे पक्षी घरटी कुठं बांधतात?"

पक्षी लगेच हुरळले. एवढ्या लांबून कौतुकानं कोण येतं! म्हातारी खेकडी मात्र वाळूतून डोळे वर काढून बघत राहिली. गोष्टी ऐकायला आलेल्याची नजर सारखी कड्यावरच्या घरट्यांकडे का जाते, हेच तिला कळेना.

"पाव्हण्या, आमची एक रीत आहे," ती म्हणाली. "आधीच्या बेटावरचा निरोप सांगितल्याशिवाय इथं गोष्ट सुरू होत नाही. किती बेटं पाहिलीस तू?"

"सात!" उंदीर ऐटीत म्हणाला.

"मग सातव्या बेटावरच्या पक्ष्यांचा निरोप काय?"

उंदीर गडबडला. "मी निघालो तेव्हा तिथं पक्षी उरलेच नव्हते," त्याच्या तोंडून निघून गेलं.

पक्षी उडाले आणि आपापल्या अंड्यांवर जाऊन बसले. खेकडीनं उंदराची फळी पाण्याकडे ढकलली.

"अजून ओलीच आहे," ती म्हणाली. "बस तिच्यावर आणि परत जा."