लेकीच्या नावाची आंघोळ

"आजवर आमच्यातल्या कुणी घाटाखाली पोर दिलीय का, तेवढं सांगा माई!"

तेजराव म्हस्क्यांनी हा प्रश्न चपला न काढताच मठाच्या ओसरीत टाकला. एरवी पायरीला हात लावल्याशिवाय वर न चढणारा माणूस. म्हणजे डोकं किती तापलं होतं ते समजून घ्यावं.

भागामाई वाती वळत होत्या. म्हाताऱ्या संन्यासिनीनं मान वर केली नाही.

"आधी बस."

तेजराव बसले. चपला पायातच राहिल्या.

मठ घाटाच्या अगदी माथ्यावर. वर चिखली-मेहकराचा मुलूख, खाली नांदुरा-मलकापूरचा. जिल्हा एक, कलेक्टर एक. तरी तेजरावांच्या घराण्यात खालच्या माणसाला पाहुणा म्हणून पोटभर जेवू घालत, सोयरा म्हणून दारात उभं करत नसत. ही हद्द कुठल्या नकाशात नव्हती, पण तेजरावांना तोंडपाठ होती.

खरं तर त्यांना हद्दीचा वीट यायला हवा होता. पुण्यात त्यांना कुणी "विदर्भातले का?" असं विचारलं, की ते "घाटावरचे" अशी दुरुस्ती करत. नागपुरात लोक त्यांना मराठवाड्याकडचे समजत, आणि जालन्यात गेले की तिथले त्यांना वऱ्हाडी म्हणत. चारी बाजूंनी असं परकं ठरवल्यावर दुसरा कुणी शहाणा झाला असता. आमच्या तेजरावांनी आपला घाट आणखी घट्ट धरला.

आणि आता पोटची पोरच घाट उतरली होती. कांचन नांदुऱ्याला शाळेत शिकवायची. तिथल्याच वानखडे नावाच्या मास्तराशी तिनं लग्न ठरवलं. जात तीच, घर तोलामोलाचं, पोरगा निर्व्यसनी. खोट एकच, पोरगा खालचा.

सकाळीच तिचा फोन आला होता. "बाबा, सोमवारी लग्नाची नोंदणी आहे. तुम्ही आलात तर... नाही आलात तर..." पुढचं तिनं गिळलं होतं.

"माई, तुमचं ती ऐकते. तुम्ही सांगा तिला."

"काय सांगू?"

"खाली ऊन माणसाला भाजून काढतं म्हणावं. विहिरींना खारं पाणी. बोलणं मले-तुले. माझी नातवंडं मले-तुले बोलणार का?"

माईंनी नवी वात घेतली.

"अहो, पाणीसुद्धा इथं वेगळं होतं! तुमच्या छपराच्या या बाजूचं पैनगंगेला जातं, त्या बाजूचं पूर्णेला. देवानंच केलंय हे. मी कोण मोडणारा?"

"हं."

"नुसतं हं करू नका माई!"

"ती ऐकायची नाही, तेजराव."

...

तेजराव ताडकन उठले. रागानं त्यांचा आवाज फाटला.

"मग मीही तिच्या नावानं आंघोळ करून मोकळा होतो!"

आपल्याकडे रागाच्या भरात माणसं असं म्हणतात. मेलीस तू मला, असा त्याचा अर्थ. म्हणायचं, पाय आपटायचे आणि घरी जाऊन जेवायला बसायचं. कुणी खरोखर बादली शोधत नाही.

माईंनी वाती बाजूला ठेवल्या.

"कर."

"...काय?"

"आंघोळ. इथंच कर. घरी जाईस्तोवर राग निवेल."

तेजराव बघतच राहिले. माईंनी स्वयंपाकघराकडे हाक मारली.

"कौतिके! बादलीभर पाणी काढ. थंडच असू दे. तेजरावांना लेकीच्या नावानं आंघोळ करायचीय."

कौतिका मठात स्वयंपाक करायची. ती खालची, मलकापूरकडची. सुट्टीला घरी जाताना कांचन वाटेत मठावर उतरायची आणि कौतिकाच्या चुलीपुढं बसून गरम भाकरी खायची.

पाणी घेऊन येईस्तोवर कौतिकाला त्या बोलण्याचा अर्थ लागला. बादली ओट्यावर आदळली आणि तिनं हंबरडा फोडला.

"माय वं! काय झालं वं माह्या कांचनले! परवा त माह्या हातची भाकर खाऊन गेली वं!"



मठासमोर वळण आहे. घाट चढून आलेल्या गाड्या तिथं इंजिन थंड करायला थांबतात. हंबरडा ऐकून माणसं धावत आली. एसटीतल्या बायका उतरल्या आणि त्यांनी कौतिकाला धरलं. कुणीतरी खाली वाकून तेजरावांच्या पायातल्या चपला हळूच काढून घेतल्या. सुतकात चपला कशा राहतील?

"अहो, तसं नाही..." तेजराव म्हणाले. पण त्या रडारडीत त्यांचं ऐकतो कोण?

एक टेम्पोवाला पुढं आला. बोलण्यावरून खालचा. त्यानं आपल्या गळ्यातलं उपरणं तेजरावांच्या खांद्यावर टाकलं आणि शेजारी टेकला.

"कायनं गेली हो पोर?"

तेजरावांनी तोंड उघडलं. काय सांगणार? तापानं गेली? गाडीखाली गेली? खरं कारण जिभेच्या टोकावर होतं. तुमच्याकडं निघाली, म्हणून गेली. पण समोरच्या माणसाचे डोळे भरले होते. त्याला हे कुठल्या तोंडानं सांगावं, तेजरावांना समजेना.

"राहू द्या भाऊ, बोलू नका. रडून घ्या." टेम्पोवाल्यानं त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. "मयत कुठून आणाचं हाय? माही गाडी रिकामी हाय. वर म्हणसान त वर, खाली म्हणसान त खाली."

मयत!  तेजरावांच्या डोळ्यांसमोर कांचन आली, टेम्पोत आडवी, पांढऱ्या चादरीखाली. त्यांनी डोळे गच्च मिटले तरी ती हलेना.

माई तांब्या भरून त्यांच्यापुढं उभ्या राहिल्या.

"नाव घे तिचं. मी पाणी घालते."

"माई..."

"नाव घे."

"कां..."

पुढचं अक्षर फुटेना.  लग्नात बापानं लेकीचं नाव किती वेळा घ्यायचं असतं, आणि आपण ते कशासाठी घ्यायला निघालो, या विचारानं ते तांब्यापुढून मागं सरकले.

तेवढ्यात गर्दीतून त्यांच्याच गावचा सुदाम पुढं झाला. तोही त्याच एसटीत होता. मोबाइल कानाला लावून, हलक्या आवाजात तो म्हणाला, "तेजूभाऊ, तुम्ही बसा. वहिनींना मी कळवतो. रिंग जातीय..."

तेजराव कसे उठले, त्यांचं त्यांना कळलं नाही. त्यांनी झडप घालून मोबाइल हिसकावला.

"जिवंत आहे!" ते ओरडले. "माझी पोर जिवंत आहे! कुणी काही सांगू नका! जिवंत आहे ती!"

सगळा मठ गप्प झाला. त्या शांततेत फोनमधून त्यांच्या बायकोचा घाबरलेला आवाज आला.

"अहो, कोण जिवंत आहे? काय झालं? बोला ना!"

"काही नाही... काही नाही झालं. कांचन बरी आहे." त्यांनी फोन बंद केला आणि ओट्यावर बसून ते लहान पोरासारखे रडू लागले.

कौतिका पदरानं डोळे पुसत समोर आली. आता तिचा चेहरा रागानं लाल झाला होता.

"पोर जिती हाय, मंग आंघोळ कायले करून राह्यले होते?"

 उत्तर द्यायला एकच माणूस होता.

"ती..." तेजरावांनी मान खाली घातली. "ती खालच्या पोराशी लग्न करतेय, म्हणून."

टेम्पोवाला त्यांच्याकडं बघत राहिला. कौतिकाही बघत राहिली. एसटीतल्या एका बाईनं तोंडावर हात ठेवला.

"मले वाटलं..." टेम्पोवाला एवढंच म्हणाला. काय वाटलं ते त्यानं सांगितलं नाही. खांद्यावरचं उपरणं मात्र त्यानं परत घेतलं नाही.

...

बऱ्याच वेळानं तेजरावांनी तोंड पुसलं. माई अजून तांब्या घेऊन उभ्याच होत्या.

"माई, मला जायचंय सोमवारी." त्यांचा आवाज जेमतेम ऐकू येत होता. "पोरीच्या लग्नाला जायचंय. पण... आपली माणसं काय म्हणतील?"

माईंनी तांब्या खाली ठेवला.

"कोणती?" त्या म्हणाल्या. "आत्ता रडली, ती?"