संतमायच्या चांदीच्या हाताची कहाणी

ऐक संतमाये, तुझी कहाणी. खाडीकाठी एक आटपाट गाव होतं. गावात ख्रिस्ती लोकांचं पांढरं देऊळ होतं. देवळात चांदीचा हात होता, कोपरापासून बोटांपर्यंत पुरा. मनगटाशी काच, काचेआड हाडाचा एवढासा तुकडा. तो संतमायचा. जिवंतपणी ती बाळंतपणात अडलेल्या बायांपाशी बसायची. हाताच्या मागं रेशमी दोरा, दोऱ्यावर बिशपसाहेबांचा लाखेचा शिक्का. शिक्का शाबूत तर हाड खरं, अशी रीत.

हाताची राखण कात्रीनबाय करी. तिचा वसा होता. दर मंगळवारी उपाशीपोटी यावं, कोरड्या फडक्यानं हात पुसावा, पाण्याचा थेंब लावू नये. वीस वर्षं तिनं वसा पाळला. मग एका सणाला परगावचे पाहुणे यायचे होते. तिला वाटलं, आपला हात हा असा काळवंडलेला, लोक काय म्हणतील? मग चिंच आणली, राख आणली, खसाखसा घासला. हात लखलखला. पण जुना दोरा तुटला, शिक्का पडला, त्याचे तुकडे झाले.

कात्रीनबायनं तुकडे पदरात लपवले. मग कासाराकडून बांगड्यांची लाख आणली, चुलीवर तापवली, नव्या दोऱ्यावर चिकटवली, आपल्या अंगठीनं ठसा उठवला. कुणाला काही कळलं नाही. तिला मात्र ठाऊक होतं.

सणाला बायांनी काचेचं चुंबन घेतलं. म्हणाल्या, "कात्रीनबाय, तू गो?" ती म्हणाली, "माझं तोंड आलंय." दुसऱ्या वर्षी विचारलं. म्हणाली, "मला पडसं झालंय." तिसऱ्या वर्षी विचारलं. म्हणाली, "तुम्ही व्हा पुढं, मी मागून घेते." मागून कुठली घेतेय! काचेपाशी गेली की तिला लाज वाटे, आणि बोलायचा धीर होईना.

मग तिची लेक दुल्सीन बाळंतपणाला माहेरी आली. दोन दिवस अडली. सुईणीनं हात टेकले. रीतीप्रमाणं पाद्रीबाबा चांदीचा हात घेऊन निघाले, मागून गावच्या बाया. तो लेकीच्या पोटावर ठेवायचा. कात्रीनबाय दारात आडवी झाली.

"नका आणू, बाबा. शिक्का खोटा आहे. मीच लावलाय. तीन वर्षं सगळ्यांना फसवलं. लेकीवर ठेवायला मन धजत नाही."

पाद्रीबाबांनी ठसा निरखून पाहिला. म्हणाले, "बाय, हे तेव्हाच सांगायचं होतंस. हाड तेच असेल. पण मला आता तो कुणावर ठेवता येत नाही. बिशपसाहेब बघतील." मग हात मखमलीत गुंडाळला नि घेऊन गेले. कात्रीनबाय उंबऱ्यावर बसून रडली.

बायांत रेजिना मावशी होती. गेल्या वर्षी तिची सून बाळंतपणात गेली होती, तोच हात पोटावर असताना. मावशी पुढं येऊन म्हणाली, "माझ्या सुनेवर ठेवला तेव्हा नाही गो तुझं तोंड उघडलं?"



आतून किंकाळी आली. मावशी कात्रीनबायला ओलांडून आत गेली. दुल्सीनच्या पोटावर स्वतःचा हात ठेवला. म्हणाली, "पोरी, मायचा हात नाही तर हा घे." मग दुसरीनं ठेवला. मग तिसरीनं ठेवला. दिवस कलता कलता मुलगी झाली.

मावशीनं नात आणून कात्रीनबायच्या ओटीत घातली. "तुला मी माफ केलेलं नाही. हिला धर."

वर्षानं चांदीचा हात नवा शिक्का लेवून परत आला. राखण मावशीकडं गेली. सणाआधी कात्रीनबाय मावशीच्या दारी माफी मागून आली, मग सणाला सगळ्यांच्या मागं उभी राहिली. पाळी आली, तरी मान वर करीना. मावशीनं काच तिच्या ओठांपाशी नेली.  मग म्हणाली, "घे आता."

तेव्हापासून त्या गावच्या बाया आधी जिचा अपराध केला तिच्या दारी जातात, मग काचेला ओठ लावतात. हाच संतमायचा वसा. कात्रीनबायला माय पावली, तशी तुम्हांआम्हां पावो, अडलेलीपाशी कुणी बसणारी मिळो. साठ बोलांची कहाणी पाच बोलांत सांगितली, ऐकणारीला सुफळ होवो.