टिकली खेकडीचं दार

भाताचं शेत होतं. शेताला बांध होता. बांधाच्या मातीत एक छोटंसं बीळ होतं.
त्या बिळात राहायची एक खेकडी. केवढी? बोराएवढी! नाव तिचं टिकली.

टिकली सरळ चालायचीच नाही.
खुडखुड खुडखुड, तिरकी तिरकी!

दसरा झाला. भात पिकलं. भागीकाकीनं विळा घेतला आणि भात कापलं. खसाखस, खसाखस!
तेवढ्यात आभाळ भरून आलं. आला पाऊस! सरसर, सरसर!
काकी धावली. तिनं भाताचा भारा बांधला आणि घाईघाईनं बांधावर ठेवला. धप्प!

कुठं ठेवला? नेमका टिकलीच्या दारावर!

टिकली गेली होती फिरायला. परत आली, तर दार बंद. घरात जायचं कसं?
लांब शेतात बगळा उभा होता. एका पायावर. बगळ्याला खेकड्या फार आवडतात.
टिकली गवतात लपली. मग हळूच म्हणाली,
"भारेदादा, भारेदादा, माझं दार सोडा ना!"
भारा म्हणाला, "मी ओला, मी जड. काकी उचलेल, तर हलेन."

टिकली निघाली. खुडखुड खुडखुड, तिरकी तिरकी!

भागीकाकी डोक्यावर इरलं घेऊन उभी होती. इरल्यावरून पाणी गळत होतं. टपटप, टपटप.
"काकी, काकी,
भारा हलेना,
माझं दार उघडेना.
आता मी घरी जाऊ कशी?"
काकी म्हणाली, "अगं बाई, तुझं दार होतं होय तिथं? मला दिसलंच नाही गं! पण भारा नेऊ कुठं? खळ्यात भात झोडायचं, तर खळं ओलं. आणि भारा असाच भिजत राहिला, तर दाण्यांना कोंब फुटतील. मग आम्ही वर्षभर खायचं काय? खळं वाळेल, तर उचलीन."

टिकली निघाली. खुडखुड खुडखुड, तिरकी तिरकी!

"खळेमामा, खळेमामा,
काकी उचलेना,
भारा हलेना,
माझं दार उघडेना.
आता मी घरी जाऊ कशी?"
खळं म्हणालं, "पचपच, पचपच! माझ्या पाठीवर पाणीच पाणी. ऊन पडेल, तर वाळेन."

टिकली एका दगडावर चढली. खुडखुड खुडखुड, तिरकी तिरकी!
वर सूर्य होता. ढगामागं. फिका फिका.
"सूर्यदादा, सूर्यदादा,
खळं वाळेना,
काकी उचलेना,
भारा हलेना,
माझं दार उघडेना.
आता मी घरी जाऊ कशी?"
सूर्य म्हणाला, "मला तर तू दिसतसुद्धा नाहीस. ढग हटेल, तर ऊन पाडीन."

टिकली टेकडीवर गेली. खुडखुड खुडखुड, तिरकी तिरकी!
टेकडीवर ढग बसला होता. काळा, गुबगुबीत.
"ढगोबा, ढगोबा,
ऊन पडेना,
खळं वाळेना,
काकी उचलेना,
भारा हलेना,
माझं दार उघडेना.
आता मी घरी जाऊ कशी?"
ढगानं मोठी जांभई दिली. "आऽऽऽ! पोटात पाणी, अंगात आळस. वारा ढकलेल, तर हटेन."

टिकली टेकडीमागं गेली. खुडखुड खुडखुड, तिरकी तिरकी!
तिथं होतं बांबूचं बन. बनात वारा झोपला होता. घुर्रर्र, घुर्रर्र!
"वारेबुवा, वारेबुवा,
ढग हटेना,
ऊन पडेना,
खळं वाळेना,
काकी उचलेना,
भारा हलेना,
माझं दार उघडेना.
आता मी घरी जाऊ कशी?"
वाऱ्यानं एक डोळा उघडला. "भात उफणायचं असलं, की धाकूआजोबा शीळ घालतात. मग मी जातो. शीळ वाजेल, तर सुटेन." आणि डोळा मिटला. घुर्रर्र!

टिकली निघाली. खुडखुड खुडखुड, तिरकी तिरकी!
धाकूआजोबा म्हणजे भागीकाकीचे सासरे. शेतातल्या खोपीत बसले होते. घोंगडी पांघरून. कुडकुड, कुडकुड!
"आजोबा, आजोबा,
वारा सुटेना,
ढग हटेना,
ऊन पडेना,
खळं वाळेना,
काकी उचलेना,
भारा हलेना,
माझं दार उघडेना.
आता मी घरी जाऊ कशी?"
आजोबांनी ओठ जुळवले. फुस्स! पुन्हा जुळवले. फुस्स!
"ओठ गारठलेत गं बाळा. गरम गरम पेज पिईन, तर शीळ घालीन."

खोपीच्या कोपऱ्यात चूल होती. टिकली दोनच पावलं गेली. खुडखुड, तिरकी!
"चूलताई, चूलताई,
शीळ वाजेना,
वारा सुटेना,
ढग हटेना,
ऊन पडेना,
खळं वाळेना,
काकी उचलेना,
भारा हलेना,
माझं दार उघडेना.
आता मी घरी जाऊ कशी?"
चूल खोकली. "खॉक, खॉक! मडकं आहे. पाणी आहे. तांदूळ आहेत. राखेत निखारापण आहे. पण लाकडं ओली. नुसता धूर! सुकी काडी मिळेल, तर पेटेन."

सुकी काडी! टिकली बाहेर आली.
गवत ओलं. पान ओलं. आंब्याखालची काडी? तीपण ओली.
आता कुणाला विचारायचं? कुणीच उरलं नाही.
टिकलीचे पाय दुखले. डोळे भरून आले. ती दगडांच्या गडग्याला टेकून बसली. गडगा म्हणजे शेताची दगडी भिंत.

दोन दगडांमध्ये एक फट होती. इतकीशी. काकीचा हात जाणार नाही. बगळ्याची मान जाणार नाही.
टिकली जाईल का? गेली!
आत अंधार. आत ऊबदार. आणि आत काय? सुक्या सुक्या काड्या!

टिकलीनं नांगीत काडी धरली आणि ओढली. काडी फटीत आडवी झाली. अडकली!
टिकलीनं काडी फिरवली. एका टोकाकडून धरली. ओढ गं ओढ! आली बाहेर!
बाहेर पाऊस. भुरभुर, भुरभुर. काडी भिजेल ना!
मग एका नांगीत काडी. दुसऱ्या नांगीत पान. काडीवर पानाची छत्री!
खुडखुड खुडखुड, तिरकी तिरकी!
एक काडी नेली. दोन नेल्या. तीन नेल्या.

चूल म्हणाली, "शाब्बास गं टिकले!"
निखारा फुलला. काडी पेटली. तडतड, तडतड!
पेज शिजली. रटरट, रटरट!
आजोबा पेज प्याले. भुर्रर्र, भुर्रर्र!
आजोबांनी ओठ जुळवले. फुस्स! आणि मग? फिऽऽऽ! शीळ वाजली!
वारा उठला. सूं सूं! त्यानं ढगाला ढकललं.
ढग म्हणाला, "अरे अरे, हळू!" आणि हटला.
सूर्य हसला. ऊन पडलं. लख्ख!
खळ्याची पाठ तापू लागली. एवढं पाणी! दुपार झाली. दुसरा दिवस उजाडला. पुन्हा दुपार झाली. खळं वाळलं. खणखणीत!

टिकली काय करत होती? भाऱ्याच्या सावलीत बसून होती. ऊन तापत होतं. तिची पाठ सुकत होती.
आणि बगळा? तो जवळ येत होता. एक पाऊल. थांबला. आणखी एक पाऊल.
टिकली हलली नाही. बोलली नाही.

"भारा नेते हो, मामंजी!" काकीची हाक आली.
काकी आली. बगळा उडाला. फडफड, फडफड!
काकीनं भारा उचलला. हुश्श!
दार उघडलं!
टिकली शिरली बिळात. खुडखुड खुडखुड, तिरकी तिरकी! आत गार. आत ओलं. आत तिचं घर.

खळ्यात काकी भात झोडू लागली. धप धप! धप धप! पिवळे पिवळे दाणे पडले. एकालाही कोंब नव्हता.
आजोबा म्हणाले, "भागी, टिकलीनं काड्या आणल्या, म्हणून हो सगळं!"
काकीनं पेजेची चार शितं घेतली. बिळाच्या दाराशी ठेवली. "खा गं बाई," म्हणाली, "दमलीस!"
एक नांगी बाहेर आली. एक शीत आत गेलं. दुसरं गेलं. तिसरं गेलं. चौथंपण गेलं.

भात गेलं कणगीत, टिकली निजली बिळात, आणि गोष्ट शिरली आमच्या सोनुल्याच्या कानात!