कोल्हेशेटचे ताईत

फार जुन्या काळी एका पवित्र झऱ्यासाठी लांडगे आणि रानकुत्रे देवाचं नाव घेऊन एकमेकांना फाडत होते. मधल्या माळावर कोल्हेशेटनं दुकान थाटलं होतं. सकाळी तो लांडग्यांना ताईत विकी, दुपारी रानकुत्र्यांना. गळ्यात ताईत असला की शत्रूचा दात लागत नाही, असं तो दोघांनाही सांगे.

एकदा भुऱ्या नावाचा तरणा लांडगा नवा ताईत बांधून लढाईला निघाला. त्याच्या आईनं, चित्रीनं, तो ताईत हुंगला आणि तिचे केस उभे राहिले. पोराला ओढत ती दुकानावर आली.

"शेट, याला माझ्या नवऱ्याचा वास येतोय. मेलेल्याच्या गळ्यातून काढलास?"

"वहिनी, वापरलेला म्हणजे सिद्ध झालेला," कोल्हा हात जोडून म्हणाला. "तुमचे मालक थेट स्वर्गात गेले."

"स्वर्ग एवढा चांगला आहे, तर तू इथं काय करतोस?"

"मग दुकान कोण बघणार?"

चित्रीनं दातांनी दोरा तोडला, ताईत त्याच्या तोंडावर फेकला आणि पोराला घेऊन घरी गेली.

कोल्हेशेटनं ताईत उचलून पुसला. रांगेतला पुढचा लांडगा म्हणाला, "शेट, मला तोच द्या. एकाला स्वर्गात पोचवून आलेला आहे."