उलट्या शिवणीची कुंची

एका गावात एक बाई राहत होती, आणि तिच्या हाताला चिंधी लागली की त्या चिंधीचं नशीब उघडायचं. शिंप्यानं कातरून टाकलेले खणाचे तुकडे, विटलेल्या लुगड्याचा पदर, धोतराचं फाटकं टोक, काही म्हणजे काही ती वाया जाऊ देत नसे. गावातल्या आजोबांच्या कमरेला तिनं शिवलेली पानसुपारीची चंची, पोरींच्या हातात तिचे बटवे, पाळण्यापाळण्यात तिची दुपटी. आणि जोडकाम असं, की त्याला ठिगळ म्हणायची कुणाची छाती होत नसे!

तिला एक खोड होती. प्रत्येक तुकडा ती आधी स्वतःच्या गालावर फिरवून बघायची. टोचला की ठेवला बाजूला, मग तो कितीही झगमगीत का असेना.

तिच्या माहेरी भावाला फार वर्षांनी मुलगा झाला. बाईला आनंद कुठं ठेवू नि कुठं नको! कारण माहेरची रीत अशी, की बारशाला ज्या आत्याची कुंची बाळाच्या डोक्यावर चढेल, तिनंच बाळाच्या कानात नाव सांगायचं. कुंची म्हणजे पाठीवर रुळणारी बाळाची टोपी. भाऊ बोहल्यावर चढला तेव्हापासून ती या मानाची वाट बघत होती.

दिवस उन्हाळ्याचे होते. अस्तर लावलं तर बाळ घामानं निथळायचं, म्हणून तिनं एकेरीच कुंची करायला घेतली. मऊसूत तुकडे निवडून जोडले. आता अस्तर नाही म्हटल्यावर शिवणीच्या कडा कुठंतरी दिसणारच ना? त्या तिनं बाहेर काढल्या आणि कापडाची रंगीत, गुळगुळीत बाजू आत ठेवली, बाळाकडे.

बारशाला घर बायकांनी भरलं. तिनं पुरचुंडी सोडून कुंची काढली मात्र, सगळीकडे खसखस पिकली.

“अगं बाई, ही तर उलटी शिवली!”

घरातली थोरली काकू मोठी करारी. ती म्हणाली, “चार लोकांत हे असलं ध्यान घालायचं का बाळाला? पालथी कर ती कुंची, कडा आत जाऊ देत, नि मग घाल. नाहीतर तुझ्या चुलत बहिणीनं जरीची आणली आहेच. मग नावही तीच सांगेल.”

नुसती पालथी करायची! कितीसं काम ते? बाईनं कुंचीत हात घातला, अर्धी पालथी केलीसुद्धा. तेवढ्यात तिची नजर पाळण्यात गेली. बाळाच्या कपाळावर लालचुटुक घामोळं उठलं होतं. तिचा हात थांबला, आणि कुंची तिनं पुन्हा होती तशी केली.

“नाही, काकू. तुम्हाला उलटी दिसते, बाळाला ती सुलटीच आहे,” ती म्हणाली. “माझा मान गेला तर जाऊ दे. या कडा मी त्याच्या कपाळाला लावायची नाही.”

कुंची पाळण्याशेजारी ठेवून ती मागं भिंतीशी जाऊन बसली. फार वाईट वाटलं तिला. पण हसतील त्यांचे दात दिसतील, असं मनाशी म्हणून तिनं डोळे पुसले.

मग जरीची कुंची चढली. नाकापेक्षा मोती जड! बाळानं असा टाहो फोडला, की ओटीवरची पुरुषमंडळी दारात येऊन डोकावली. चुलत आत्या बिचारी कानाशी वाकून नाव सांगायला गेली, पण रडण्यापुढं तिचं तिलाच ऐकू येईना. कुणी खुळखुळा वाजवला, कुणी पाळणा हलवला. छे! बाळ काही ऐकेना.

शेवटी बाळाची आईच उठली. तिनं जरीची कुंची काढली, तर कपाळावर जरीचा वळ उमटलेला. तिचा जीव कळवळला. कुणालाही न विचारता तिनं उलट्या शिवणीची कुंची उचलली, आतून बोटं फिरवून पाहिली आणि बाळाला घातली.

बाळानं दोन हुंदके दिले, एक भलीमोठी जांभई दिली आणि डोळे मिटले.

“वन्सं,” ती नणंदेला म्हणाली, “या पुढं. नाव तुम्हीच सांगायचं.”

आत्यानं वाकून नाव सांगितलं, ते इतकं हळू की जमलेल्या बायकांना दुसऱ्यांदा विचारावं लागलं. रिवाजाप्रमाणे आत्याच्या पाठीत धपाटेही पडले, पण हळूच, बाळ जागं होईल म्हणून. चुलत आत्यानंही हसत हसत एक घातला.

सगळ्यात शेवटी काकू जवळ सरकली. इकडंतिकडं बघून कानाशी कुजबुजली, “चुकलं गं माझं, पोरी. आता असं कर, मला एक चोळी शिवून दे. काखेत मेलं फार टोचतं. अशीच, चांगली उलटी शिव!”

तात्पर्य: भेट देताना बघणाऱ्यांच्या डोळ्यांचा नव्हे, घेणाऱ्याच्या सुखाचा विचार करावा.