चौथी बंदूक

“आणि अस्वलाला?”

झितरूबाबा पेंदाम चुलीत फुंकर घालत होता. त्याने उत्तर दिलं नाही.

मुकुंदरावाने आवाज चढवून पुन्हा विचारलं. म्हातारा कानाने अधू झाला असेल, असं त्याला वाटलं. तसं काही नव्हतं. वाळक्या पानावरून सरडा गेला तरी झितरूबाबाला ऐकू जायचं. ऐकायचं नसलं की मात्र तो ठार बहिरा.

शिकारीचे परवाने मिळत होते, तेव्हाची ही गोष्ट. मुकुंदराव हा दहेगावच्या मालगुजाराचा एकुलता एक मुलगा. वय तीस, अंगाने धिप्पाड, आणि हात असा स्थिर की भरलेला पेला नेला तरी थेंब सांडू नये. आपला नेम चुकत नाही, हे तो सगळ्यांना सांगे. लग्नाच्या पंगतीत सांगे, मयतीला गेला तरी सांगे.

झितरूबाबा त्याचा गुरू. बारा वर्षांच्या मुकुंदाला माग काढायला, वारा ओळखायला आणि गप्प बसायला त्यानेच शिकवलं. पहिल्या दोन गोष्टी मुकुंदा चांगल्या शिकला. बाबाने स्वतः बंदूक सोडून वीस वर्षं झाली होती. का सोडली, हे त्याने कुणाला सांगितलं नाही आणि विचारायची कुणाची छाती झाली नाही.

आज मुकुंदराव उजाडायच्या आधीच तळ्याच्या पाळीवर जीप उभी करून झोपडीत आला होता. आला होता नागपूरहून, आणि वाटेत स्वतःचं घर लागलं तरी थांबला नव्हता.

चटईवर त्याने तीन बंदुका ओळीने मांडल्या होत्या.

“वडील कधीचे म्हणतात, एकच ठेव. बाकीच्या बंदुका चुलतभावांना देऊन टाक,” तो म्हणाला होता. “कोणती ठेवू, ते तुम्ही सांगा.”

मग त्याने स्वतःच पाढे म्हणावेत तसं सगळं म्हणून दाखवलं. सशाला बावीस नंबर. चितळाला दोनशे पंच्याहत्तर. डुकराला तीनशे पंधरा. बाबा नुसता हुं हुं करत होता.

आता गाडी अस्वलावर येऊन अडली होती.

“अस्वलाले काय पुसता, मालक,” बाबा शेवटी बोलला. “तुमाले सारंच ठाऊक हाये.”

“तरी पण.”

“तरी पन काय?”

“तीनशे पंच्याहत्तर… जास्त होते का?”

बाबाने चटईकडे पाहिलं. एक, दोन, तीन.

“चौथी कोठी हाये?”

“जीपमध्ये आहे.”

“तिले काऊन नाई आनलं?”

“तेल लावून ठेवलीय. उगीच धूळ बसेल.”

झोपडीतल्या धुळीत उघड्या पडलेल्या तीन बंदुकांकडे बाबाने पुन्हा एकदा पाहिलं. कोऱ्या चहाचा पेला त्याने मुकुंदरावापुढे सरकवला.

मुकुंदरावाने पेला उचलला. चहा चटईवर सांडला.

“एका गोळीनं भागते का तुमचं?” बाबाने विचारलं.

“भागतं.”

“अन् चुकली तं?”

“माझी चुकत नाही, बाबा.”

हे वाक्य त्याने आयुष्यात हजारदा म्हटलं असेल. आठ दिवस नागपुरात आत्याच्या घरी, दार लावून, तो हेच एक वाक्य चघळत बसला होता. माझी चुकत नाही. माझी कधीच चुकत नाही.

“पल्ला किती म्हनता?”

“साठ पावलं असतील.”

“उजेड?”

“नुकतं फटफटलेलं. मोहाखाली. बाबा, समजा… तीनशे पंच्याहत्तरची गोळी आहे. साठ पावलांवरून आली. मध्ये जाड घोंगडं असलं, दुहेरी घडीचं… तर काही अडेल का ती?”

चुलीतलं लाकूड तडकलं.

बाबाने फुंकणी खाली ठेवली.

“अस्वल कधीपासून घोंगडं पांघरते, मालक?”

…

मुकुंदरावाने पेला खाली ठेवला.

“ताकाले आला अन् गाडगं लपवून बसला,” बाबा म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. “सांग आता.”

‘मालक’ गळून पडलं होतं. मुकुंदरावाला ते जाणवलं, आणि आश्चर्य म्हणजे बरं वाटलं. मालकाला हे सांगता आलं नसतं. मुकुंदाला सांगता आलं.

मोहाचा बहर पडायला लागला की अस्वल फुलं खायला पहाटे झाडाखाली येतं, हे बाबानेच शिकवलेलं. म्हणून तो नाल्याकाठच्या मोठ्या मोहासमोर, करवंदीच्या जाळीत बसला होता. चौथी बंदूक नवी होती, हात शिवशिवत होता. झाडाखाली काळं काही तरी वाकलं. पुढे सरकलं. पुन्हा वाकलं. त्याने नेम धरला आणि चाप ओढला.

“ते पडलं, बाबा. आणि पडताना…”

“पडतानी?”

“‘आई वो’ म्हणालं.”

बाहेर तळ्यावर टिटवी ओरडून गेली. बाबाने तिचं ओरडणं संपू दिलं.

“मंग तू काय केलं?”

“पळालो.”

“पाह्यलं नाई?”

“नाही.”

“तुही मोठी बंदूक बोलली, ते मी येथून आयकलं,” बाबा म्हणाला. “एकदाच बोलली. दुसरी गोळी नाई, हाका नाई, मानसं गोळा झाली नाई. जनावर पडलं असतं तं तू साऱ्या गावाले उठवलं असतं.”

मुकुंदराव मान खाली घालून बसला.

“जखमी जनावर मांगं टाकून यायचं नाई. हे तुले कोनं शिकवलं?”

“तुम्ही.”

“जनावर म्हनलं मी तवा. मानूस म्हनाचं राहून गेलं.” बाबा उठला. खुंटीवरचं पागोटं त्याने डोक्याला गुंडाळलं. “चाल.”

“कुठं?”

“झाडाखाली. चौथी घे सोबत.”

“बाबा, ती नको.”

“घे.”

मुकुंदरावाने जीपमधून बंदूक काढली. बाबाने ती हातात घेऊन आत गोळी नाही हे स्वतः पाहिलं, आणि परत त्याच्या खांद्यावर दिली. दोघे नाल्याच्या वाटेला लागले. पुढे म्हातारा, मागे शिष्य. अठरा वर्षांपूर्वी असेच निघायचे. तेव्हा मुकुंदा प्रत्येक पावलाला काही तरी विचारायचा. आज विचारायचं एकच होतं.

तिथे काय असेल? आठ दिवसांत काही उरलं असेल का? की माणसांनी नेलं असेल, आणि पोलीस घरी येऊन गेले असतील, आणि वडील ओसरीवर तोंड लपवून बसले असतील? बाबाला हे सगळं माहीत असणार. पण बाबाची पाठ काही सांगत नव्हती.

मध्येच तो थांबला.

“बाबा, मेलं असेल तर?”

बाबा थांबला नाही.

“सांगा तरी.”

“गोळी तू मारली,” बाबा चालता चालता म्हणाला. “पाह्याचं तू.”

करवंदीची जाळी आली. तीच जागा. चिरडलेलं गवत अजून नीट उभं राहिलं नव्हतं. जाळीच्या पलीकडे मोह, आणि मोहाखाली पिवळट फुलांचा सडा. नुकतं फटफटत होतं.

झाडाखाली काळं काही तरी वाकलं.

पुढे सरकलं. पुन्हा वाकलं.

अगदी तेच. तोच रंग, तेच वाकणं, तेवढाच पल्ला. एवढी पक्की नजर मुकुंदरावाची, पण समोर आहे ते जनावर की माणूस, हे त्याला आत्ताही सांगता येईना. त्याने खांद्यावरची बंदूक उतरवली आणि साप ठेवावा तशी हलकेच खाली गवतावर ठेवली.

काळं ते कमरेवर हात ठेवून सरळ झालं.

“कोन व्हय थे?” ते म्हणालं. “झितरूदादा का?”

घोंगडीच्या खोळीतून एक सुरकुतलेला चेहरा बाहेर आला. नाल्यापलीकडच्या टोलीवरच्या वस्तीतली बुधीबाई. कोपराला टोपलं अडकवलेलं, आणि तोंडात तंबाखू.

“मीच व्हय,” बाबा म्हणाला. “कान कसा हाये तुहा?”

“वाजते अजून. आठ दिवस झाले, डाव्या कानात रातकिडा बसला हाये. कोना मेल्यानं थो बार काढला, सापडू दे एकदा. भेवानं आंग टाकून देल्लं म्या. टोपलंभर फुलं मातीत गेली.”

“लागलं नाही?” मुकुंदराव धावत झाडाखाली आला. “मावशी, तुम्हाला कुठं लागलं नाही?”

“लागलं असतं तं बोलली असती का?”

मुकुंदरावाचा जीव भांड्यात पडला, आणि त्याच्या पाठोपाठ तो स्वतः जमिनीवर. मालगुजाराचा मुलगा मोहाच्या फुलांत बसून लहान पोरासारखा हुंदके देऊन रडू लागला. आठ दिवसांनी पहिल्यांदा त्याला पुरता श्वास घेता आला. मोहाचा गोड, आंबूस वास त्याच्या नाकात भरला. जगात इतका चांगला वास असतो, हे त्याला ठाऊक नव्हतं.

बुधीबाई बाबाकडे पाहू लागली. बाबा झाडाकडे पाहत होता.

“तो मेला मीच,” मुकुंदराव म्हणाला. “मी मारली गोळी. मला अस्वल वाटलं.”

बुधीबाईने तंबाखू थुंकली. घोंगडी तिने अंगाभोवती घट्ट ओढून घेतली.

“अस्वल,” ती म्हणाली.

“हो.”

“अन् अस्वलानं तुमचं काय खाल्लं होतं, मालक?”

…

याचं उत्तर बावीस नंबरपासून तीनशे पंच्याहत्तरपर्यंत कशातच नव्हतं.

बुधीबाईने टोपलं त्याच्यापुढे आपटलं.

“त्या दिवशीचं सांडलं. आजचं भरून द्या.”

तो गुडघ्यावर आला आणि वेचू लागला. सूर्य वर येईपर्यंत वेचत राहिला. आधी मूठभरून उचलायचा, त्यात पानं यायची, काड्या यायच्या, खडे यायचे. बुधीबाई शेजारी बसून एकेक निवडून बाहेर टाकत होती.

“पानं कायले भरता? फुलं वेचा,” ती म्हणाली. “याले बी नेम लागते.”

बाबा हसला. मग ती हसली. मग मुकुंदरावालाही हसू आलं, डोळे अजून ओले असताना. टोपलं भरलं तेव्हा त्याची कंबर मोडून आली होती आणि बोटं चिकट झाली होती. बुधीबाईने टोपलं डोक्यावर घेतलं आणि मागे न पाहता वाट धरली. थोडं गेल्यावर मात्र थांबली.

“उद्या बी पडतीन फुलं,” ती तिकडूनच म्हणाली, आणि गेली.

बाबाने मुकुंदरावाचं मनगट धरलं आणि त्याला बुंध्याजवळ नेलं. सालीत एक भोक होतं. कडेने चीक वाळून काळा पडला होता. बाबाने शिष्याचं बोट धरून त्या भोकात घातलं. दुसऱ्या पेरापर्यंत गेलं.

“ती कोठी वाकली होती?” बाबाने विचारलं.

मुकुंदरावाने दुसऱ्या हाताने दाखवलं. भोकापासून खाली एक वीत. पुरती वीतही नाही.

“चुकली,” तो म्हणाला.

बाबाने त्याचं मनगट सोडलं.

“चुकली, बाबा. माझी गोळी चुकली.”

इतक्या आनंदाने हे वाक्य त्या जंगलात कुणी कधी म्हटलं नसेल.

परत येताना त्याची पावलं हलकी पडत होती. वडिलांना सगळं सांगायचं, बुधीबाईचा कान दाखवायला तिला चंद्रपूरला डॉक्टरकडे न्यायचं, हे त्याने वाटेतच ठरवलं. चिकट बोटांनी जाळीजवळून उचललेली खांद्यावरची बंदूक मात्र त्याला जड झाली होती. झोपडीत येताच त्याने ती चटईच्या पार टोकाला, बाकीच्या तिघींपासून लांब ठेवली.

“ही तर देऊनच टाकतो,” तो म्हणाला. “हिच्याकडे बघवत नाही. आता या तिघींतली सांगा, बाबा. बावीस नंबर ठेवू? की दोनशे पंच्याहत्तर?”

बाबाने चुलीतली राख सारखी केली. चहाचं आधण ठेवलं.

“की तीनशे पंधरा?”

…

म्हातारा उठला. चटईवरच्या तिन्ही बंदुका त्याने एकेक करून खोळीत घातल्या आणि खोळ दाराबाहेर नेऊन ठेवली. मग टोकाला पडलेली चौथी उचलली, तिच्या नळीला लागलेलं मोहाचं फूल बोटाने काढलं, आणि ती शिष्याच्या मांडीवर ठेवली.

“जिच्यानं तुहा नेम चुकला, तीच ठेव.”